आत्तीचा अर्धा कप चहा

पत्र:

काकू, मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, पाच वर्षं झाली नोकरीमुळे पुण्यात असते. आई मी लहान असतानाच गेली, मला आत्तीनं वाढवलं. तिच्या किडन्या फेल झाल्या, अडीच वर्षं सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस चाललं आणि गेल्या पावसाळ्यात ती गेली. शेवटचे चार महिने मी ऑफिसचं काम घरून घेऊन तिच्याजवळ होते. ती गेल्यापासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर तिच्याबद्दल लिहीत बसते, पण जे उतरतं ते सगळं आजारपणाचं, सुजलेले पाय, वजनकाटा, सुया. डायलिसिससाठी तिच्या हातात शीर जोडून केलेल्या फिस्टुलावर बोट ठेवलं की थरथर लागायची, ती म्हणायची हातात मिक्सर लावलाय बघ माझ्या. शेवटच्या शनिवारी तिनं अर्धा कप चहा मागितला. त्या दिवसाचं पाणी संपलेलं. मी नको म्हटलो. सोमवारी पहाटे ती गेली. रक्षाविसर्जनाला घाटावर तिच्यासाठी कपभर चहा ठेवला, तर कावळा येऊन भडंगाला शिवला, चहाकडं बघितलंसुद्धा नाही. मागच्या महिन्यात मी लिहिलेलं घरच्या ग्रुपवर टाकलं तर आतेभाऊ चिडला, आईचा तमाशा करू नको, डिलीट कर म्हणाला. बाबा म्हणतात उगाळत बसू नकोस. मैत्रीण म्हणते दुःखाच्या पाच स्टेजेस असतात, तू दुसऱ्या स्टेजला अडकलीयेस. लिहून मोकळं वाटतं म्हणे, मला तर जास्तच रडू येतं. मग मी लिहिते कशाला? स्वतःच्या समाधानासाठी तिचं दुखणं वापरते का मी? सोबत एक पान पाठवलंय.

— आत्तीची भाची

उत्तर:

पोरी, आधी चहाचं बोलूया, कारण बाकी सगळं त्या कपाखाली दबून पडलंय.

डायलिसिसच्या पेशंटचं पाणी कसं मोजतात ते तुला मी काय सांगायचं, तू चार महिने मोजलंयस. पण वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते. लघवी होत नाही म्हटल्यावर पोटात गेलेलं पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहतं, म्हणून बहुतेकांना दिवसाला लिटरच्या आतबाहेरच परवानगी असते आणि त्यात चहा, ताक, आमटी, गोळीबरोबरचा घोट सगळं धरायचं. जास्त झालं की आधी पाय सुजतात, मग ते फुप्फुसात जातं, मग माणसाला आडवं होता येत नाही, रात्रभर उशा लावून बसून काढायची. आणि सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांना शुक्रवार ते सोमवार हा सगळ्यात मोठा गॅप, त्याच्या शेवटाला धोका जास्त असतो, हे डायलिसिस करणाऱ्या डॉक्टरांना चांगलं माहिती असतं. तू नको म्हटलीस ते त्या गॅपच्या मधोमध. अर्ध्या कपानं ती गेली नाही आणि अर्धा कप न दिल्यानं ती वाचणार होती असंही नाही. पण "द्यायला पाहिजे होतास गं, काय झालं असतं एवढ्याशा चहानं" असं मी म्हणणार नाही, एवढ्यानं काय होतंय म्हणणारे लोक तुमच्या घरी अडीच वर्षं येऊन गेले असणार, शहाळं घेऊन, मोसंब्या घेऊन, आणि त्या दोन्हीत पोटॅशियम किती ते मागून तुम्हीच निस्तरलं असणार. अशा घरात नको म्हणायचं काम एकाच माणसाच्या वाट्याला येतं. ते तू केलंस. त्याचं वाईट वाटणारच, ते मी काढून घेऊ शकत नाही, पण त्याला गुन्हा म्हणू नकोस.

आणि कावळ्याचं म्हणशील तर कोल्हापूरचा कावळा आहे तो, भडंग समोर असताना चहाला कशाला शिवेल.

आता ते पान. रागावू नकोस हां. "माझ्या आत्या अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ व कष्टाळू स्वभावाच्या होत्या. त्यांनी आम्हांस संस्कारांची शिदोरी दिली." अगं ही कोण बाई? ही तर चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरची बाई झाली, खाली शोकाकुल म्हणून मित्रमंडळाची नावं टाकायची तेवढी राहिलीत. आत्तीची "आत्या" केलीस, "ती"ची "त्या" केलीस, आणि मग तक्रार करतेस की आजारपण सोडून काही उतरतच नाही. कसं उतरेल, आजारपणाचं लिहिताना तू तुझ्या भाषेत लिहितेस आणि बाकीचं लिहिताना निबंधाच्या वहीत जातेस.

पत्रात एका जागी मात्र तू घसरलीयेस, लक्षात आलं का तुझ्या? सगळीकडं "मी होते, मी बसते" असं पुण्याचं नीटनेटकं, आणि चहापाशी आल्यावर "मी नको म्हटलो". आपल्याकडं बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो, मी जेवलो, बाहेरच्यांना हसू येतं आणि आपल्या पोरी दोन वर्षं पुण्यात काढली की लाजून ते सोडतात. मीसुद्धा घरी "येतो गं" म्हणते आणि इथं छापायला देताना "येते" करते, तेव्हा तुला काय बोलू. पण तुझी आत्ती डायलिसिसला निघताना "मी येते हं" म्हणायची का "जाऊन येतो गं" म्हणायची? जे म्हणायची तेच लिही. बोलली की दिसायला लागेल बघ ती.

त्याच पानावर मधेच एक ओळ आहे, की आत्ती दर होळीला पाच-पंचवीस शेणी पंचगंगेवर देऊन यायची. बाहेरगावचं कुणी वाचत असेल तर सांगते, शेणी म्हणजे गोवऱ्या, आणि कोल्हापुरात पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, आणि होळीत शेणी जाळण्यापेक्षा लोक तिथं दान करतात. म्हणजे बाई दर वर्षी स्वतःच्या पायानं तिथं शेणी टाकून येत होती, कशातनं न्यायची, रिक्षातनं का आतेभावाच्या गाडीवर, पोत्यात का पाटीत, कुणाकडनं आणायची, घासाघीस करायची का? हे कुठंय? तू एका ओळीत उरकलंस आणि परत "संस्कारांची शिदोरी" घेऊन बसलीस. तो मिक्सरसुद्धा पत्रात आहे, पानावर नाही. डॉक्टरांनी शीर आणि धमनी जोडली, त्यातनं रक्त जोरात धावतं त्याची ती थरथर, फिस्टुला चालू आहे का ते बघायला रोज बोट लावून बघायचं असतं, आणि या बाईनं त्याचा मिक्सर केला! आजारपणाचं लिहिलं म्हणजे आत्ती हरवली असं कुठंय मग, त्या मिक्सरमध्ये ती पूर्ण आहे. जे जे ती बोलली ते आधी उचल, आजारपणातलं असो नाहीतर त्याच्या आधीचं.

तू विचारतेस लिहायचं कशाला. माझं सांगते, दुसऱ्याचं मला माहिती नाही. माझा थोरला भाऊ उद्यमनगरात लेथवर होता, आयुष्यभर मशिनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, घरात पण तसाच, शेजारी म्हणायचे तुमच्यात भांडणं फार. त्याला घशाचा कॅन्सर झाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. मी महाद्वार रोडवरनं शाळेतली पाटी आणली, लाकडी चौकटीची, आणि पेन्सिलीचा बॉक्स. आठ महिने तो पाटीवर बोलला. अक्षर वाकडं, शुद्धलेखनाची बोंब, शिव्या मात्र पूर्ण स्पेलिंगनं. एकदा लिहिलं, डाक्टर दोन मिन्टं, बिल दोन पानं. मी वाचून हसेपर्यंत यानं ओल्या फडक्यानं पुसून पुढचं लिहायला घेतलं. असं दिवसाला पन्नास वेळा. शेवटच्या रात्री लिहिलं, पंखा कमी कर. मी उठून पंखा कमी केला आणि येता येता सवयीनं पाटी पुसली.

अकरा वर्षं झाली. आठ महिन्यांतलं मला आता वीस-बावीस वाक्यं आठवतात, तीच मी लिहून ठेवलीत, एखादं मधेच भांडी घासताना आठवलं तर हात पुसून आधी ते टिपते. दुःख हलकं व्हावं म्हणून नाही आणि त्याचं नाव राहावं म्हणून तर अजिबात नाही, लेथवाल्याचं नाव कुठं राहतंय. पुसलं गेलं ते परत हवंय, एवढंच. त्याला स्वार्थ म्हणायचं असेल तर म्हण.

रडू येतं त्याचं थोडक्यात सांगते. लिहून मोकळं वाटतं हे जे सगळे म्हणतात त्यावर जेम्स पेनेबेकर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये अभ्यास छापला. कॉलेजच्या पोरांना चार दिवस ओळीनं रोज 15 मिनिटं मनाला लागलेलं लिहायला सांगितलं. आता गंमत बघ, लिहून झाल्या झाल्या त्यांनाही आधीपेक्षा वाईटच वाटलं होतं, फरक पडला तो पुढच्या काही महिन्यांत, दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. म्हणजे रडू येणं हे काही तुझं चुकतंय असं नाही. पण नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत असं निघालेलं नाही, घरचं माणूस गेलेल्यांवर केलेल्या काहींत तर काहीच फरक दिसला नाही, तेव्हा औषध समजून लिहू नकोस. आणि मैत्रिणीला सांग, त्या पाच स्टेजेस एलिझाबेथ कुब्लर-रॉस म्हणून मानसोपचाराच्या डॉक्टर होत्या त्यांनी 1969 मध्ये मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटांशी बोलून, मागं राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या. तू काय बसच्या स्टॉपवर उभी नाहीयेस अडकायला.

रात्रीचे दोन मात्र बंद कर. दुपारी नाहीतर संध्याकाळी, पंधरा-वीस मिनिटं, जमलं तर वहीत, फोनवर लिहिलं की लगेच कुणालातरी पाठवावंसं वाटतं. आणि झोप उडालीय, जेवण जात नाही, जगण्यातच मन नाही असं आठवड्यांमागं आठवडे चाललं असेल तर 14416 वर फोन कर, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. लाजायचं काही नाही त्यात.

बाबा उगाळू नकोस म्हणतात, म्हणू देत. त्यांची बहीण गेलीय, ते पण कुठंतरी उगाळतच असतील, तुझ्यासमोर नाही एवढंच. आणि घाई तर तुला कुणाचीच नाही. न्यायमूर्ती रानडे 1901 ला गेले आणि रमाबाईंचं आठवणींचं पुस्तक आलं 1910 मध्ये. नऊ वर्षं. तुझा अजून एक पावसाळा झालाय.

आता आतेभाऊ. इथं मी त्याच्या बाजूनं आहे, थोडीशी. तू ग्रुपवर काय टाकलंस ते मला पाठवलं नाहीस, पण तुझ्या पत्रावरनं अंदाज येतो, पाय, सुया, वजन. ज्या बाईनं अडीच वर्षं पाहुण्यांसमोर पदर ओढून तो फिस्टुलाचा हात झाकला असेल (झाकला असेल ना? आमच्यातल्या सगळ्याच झाकतात) तिचे सुजलेले पाय एकदम चाळीस जणांच्या मोबाईलवर गेले. पोराला लागणारच. तमाशा हा शब्द वाईट वापरला त्यानं, त्याचं मी समर्थन करत नाही. पण तू चार महिने होतीस, तो अडीच वर्षं होता, आणि त्याच्यापाशी जे आहे ते तुझ्यापाशी नाही. पहाटेच्या बॅचला तिला कोण घेऊन जायचं? थंडीत गाडीवर मागं बसून ती काय बोलायची? परत येताना, अंगात त्राण नसताना, कुठं थांबायला लावायची?

तर ग्रुपवरचं डिलीट कर, वहीतलं करू नकोस, वहीत पाय सुजलेलेच राहू देत. आणि पुढच्या वेळी कोल्हापूरला आलीस की त्याला रंकाळ्यावर घेऊन जा, "मी आत्तीवर लिहितेय, चालेल का" असली परवानगी मागत बसू नकोस, तो नाहीच म्हणेल. नुसतं विचार की पहाटे काय बोलायची रे ती. तो बोलला तर ऐक, नाही बोलला तर कणसं खाऊन घरी या. त्यानं सांगितलेलं त्याला न विचारता कुठं टाकू नकोस एवढं पाळ.

एक राहिलं. पानाच्या शेवटी तू लिहिलंयस की लहानपणी आत्ती तुला गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन गेली, गवळ्यानं म्हैस पिळून पेला काठोकाठ भरला, आत्तीनं फुंकर मारून वरचा फेस बाजूला सारला, पेला होता तिथं आला, अर्ध्यावर, आणि ती त्या गवळ्याकडं बघून म्हणाली… आणि पुढं तू "असो" लिहून सही केलीस! अगं असो काय? गवळ्याला काय म्हणाली? त्यानं परत धार मारली का नाही? ते "असो" खोड आणि पुढचं लिहून पाठव मला, तिच्याच भाषेत, शिव्या असतील तर शिव्यांसकट.

— काकू