टाचणावर सही आहे, मग नोटीस कशाची?

प्रश्न : मी अनुदानित शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. एका मुलाने विचारलं, ‘बाई, दशावतार म्हणजेच उत्क्रांती ना?’ मी म्हटलं, ‘ती पुराणकथा आहे, विज्ञानाला पुरावा लागतो.’ पालकांनी तक्रार केली आणि संस्थेने कारणे दाखवा नोटीस दिली : भावना दुखावल्या, शिवाय उत्क्रांतीवर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, तेव्हा दोन्ही बाजू शिकवा, नाहीतर पाठ सोडा. सात दिवसांत खुलासा मागितला आहे. काय करू? (सिंधुदुर्ग)

उत्तर : ताई, ‘दोन ओळींची माफी लिहून द्या, विषय मिटवू’ असं कुणीतरी सुचवेलच. देऊ नका. पुढे चौकशी लागली तर तोच कागद कबुली म्हणून तुमच्यापुढे ठेवतील.

दहावीला काय शिकवायचं ते ना तुम्ही ठरवता, ना संस्था, ना पालक. ते १९६५च्या अधिनियमाखालचं राज्य मंडळ ठरवतं. विज्ञान भाग २ मधला पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. पाठ सोडा म्हणतात ना, मग तो आदेश मंडळाच्या कुठल्या पत्रकाच्या आधारे, हे लेखी विचारा. खुलाशाला वार्षिक नियोजन आणि त्या आठवड्याच्या टाचणाची, म्हणजे पाठाच्या पूर्वतयारीच्या नोंदींची, झेरॉक्स जोडा. टाचणावर मुख्याध्यापकांची सही असेल तर संस्थेला तोंड उघडणं अवघड जाईल. खुलासा देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

मतभेदांचं म्हणाल तर ते आहेत, पण उत्क्रांती किती वेगाने होते, तिच्यात कशाचा वाटा किती, यावर. सजीवांचे पूर्वज समान होते की नाही, यावर नाहीत. खुलाशात एवढंच लिहा, डार्विनवर निबंध नको.

भावनांच्या आरोपाची फार धास्ती घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ला जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. मुलाच्या प्रश्नाला वर्गात दिलेलं साधं उत्तर त्यात बसत नाही. (दशावतारी खेळ मीही पहाटेपर्यंत बघतो. त्याला जीवशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज कधी वाटली नाही.)

आता कडू भाग. तुमची बाजू भक्कम आहे ती विज्ञान बरोबर आहे म्हणून नव्हे, पाठ अभ्यासक्रमात आहे म्हणून. विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञान, म्हणजे फलज्योतिष, शिकवण्याला शास्त्रज्ञ डॉ. पी. एम. भार्गव यांनी आव्हान दिलं, तेव्हा २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक बाबतीत हात घालायला नकार दिला. २०२३मध्ये डार्विन चुकीचा ठरवा म्हणणारी याचिकाही फेटाळली. स्वतःचं मत हवं तर मांडा, पण ही रिट (मूलभूत हक्कांसाठीची) याचिका होऊ शकत नाही, असं न्यायमूर्ती म्हणाले. त्याच वर्षी एनसीईआरटीने, म्हणजे केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेने, दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. उद्या आपल्या मंडळानेही तसंच केलं, तर हाच युक्तिवाद संस्था तुमच्यावर उलटवेल. राज्यघटनेतलं वैज्ञानिक दृष्टिकोनाचं कलम ५१अ(ह) खुलाशात जरूर घाला, पण ते मूलभूत कर्तव्य आहे. केवळ त्याच्या जोरावर खटला उभा राहत नाही.

नुसत्या नोटिशीवर शालेय न्यायाधिकरणात अपील होत नाही. बडतर्फी किंवा पदावनती झाली तर खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७च्या कायद्याखाली करता येतं, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. सध्या घाई खुलाशाची आहे. टाचणवही मुख्याध्यापकांकडे जमा असेल तर आजच अर्ज देऊन तिची प्रत मागा, आणि ती हाती येईपर्यंत मुदतवाढही त्याच अर्जात मागा.