फोर्थमध्ये थेट लिहिलेली स्ट्रिंग नेमकी राहते कोठे?

स्टॅकवर (मूल्ये एकावर एक रचण्याच्या जागेवर) चालणारी स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा लिहिताना स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, अख्खी स्टॅकवर ठेवावी की तिचा केवळ पत्ता ठेवावा, आणि मजकुरातच अवतरणचिन्ह आले तर काय करावे, असे आपण विचारले आहे. पत्ता आणि लांबी अशी दोन घरे ठेवावीत, फोर्थ या स्टॅकवरच चालणाऱ्या भाषेतला एस" (S") हा शब्द, म्हणजे आज्ञा, तेच करतो. मात्र तो पत्ता ज्या जागेचा आहे ती जागा किती वेळ आपली राहणार, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, आणि त्याच्यापायी मी एकदा नाहक दोषी ठरलो आहे.

रत्नागिरीजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यासाठी आम्ही दोघांनी तापमान दाखवणारी यंत्रणा फोर्थमध्ये लिहिली होती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात काम उरकले आणि होड्या समुद्रात जाण्याच्या सुमारास पडदा सुरू झाला. पडद्यावर दोन नावे हवी होती: लाद्यांचे डबे ज्या टाकीत बुडवतात तिच्यासाठी "मिठाचे पाणी" आणि साठवणीच्या खोलीसाठी "बर्फ". दुसरे नाव बरोबर उमटले, पण पहिल्याच्या जागी "बर्फचे पाणी" असे दिसू लागले. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती माझी टंकलेखनाची चूक असल्याचे मालकांना तिथल्या तिथे सांगून टाकले. स्टॅकच्या भाषेत मजकूर स्टॅकवरच असतो, तो आपोआप बदलणे शक्य नाही, असे त्यांचे ठाम मत होते.

ते मत चुकीचे होते. नावे आम्ही एका मांडणीच्या फाइलमध्ये दोन एस" लागोपाठ लिहून, चारही घरे एकदम नोंदणीच्या शब्दाला दिली होती. ती फाइल कंपाइल होत (नंतर चालवण्यासाठी आधी साठवली जात) नव्हती, ओळीओळीने थेट चालवली जात होती, आणि अशा वेळी मजकूर तात्पुरत्या बफरमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या जागेत, जातो. फोर्थच्या १९९४च्या मानकाप्रमाणे असा एकच बफर असला तरी चालत असे, आणि आमच्याकडे एकच होता. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला (काना, मात्रा हीही वेगळी चिन्हे) ३ बाइट लागतात. "मिठाचे पाणी" ३१ बाइटांचे, "बर्फ" १२ बाइटांचे. दुसऱ्या नावाने पहिल्याचे सुरुवातीचे १२ बाइट, म्हणजे "मिठा" एवढेच, पुसले. स्टॅकवरची लांबी ३१च राहिली आणि मागचे "चे पाणी" शिल्लक उरले. मी त्यांच्यासमोर दुसरे नाव बदलून "लादी" केले, तेव्हा पहिल्याला हात न लावता ते "लादीचे पाणी" झाले. त्यांनी ते पाहिले, पण मालकांना पुन्हा जाऊन काही सांगितले नाही.

दुरुस्ती दोन ओळींची होती. प्रत्येक नावासाठी कोलन-व्याख्या केली, म्हणजे नवा शब्द घडवला, की मजकूर कंपाइल होताना डिक्शनरीत (शब्दांच्या साठ्यात) कायमचा बसतो आणि व्याख्या चालताच त्याचा पत्ता व लांबी स्टॅकवर येतात. फोर्थ २०१२ या नंतरच्या मानकाने किमान दोन बफर सक्तीचे केले असले, तरी दोनच बफर असतील तर तिसऱ्या स्ट्रिंगबरोबर पहिली पुन्हा पुसली जाते. जीफोर्थ ही फोर्थची एक प्रणाली अशा मजकुरासाठी वेगळी जागा राखत असल्याने तेथे हा दोष दिसत नाही, आणि तेथे शिकलेल्या माणसाला तो दुसरीकडे हमखास भोवतो.

म्हणून आपल्या भाषेत थेट चालवलेल्या स्ट्रिंगचीही कायमची प्रत घ्यावी, तात्पुरता बफर ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या बाइटमध्ये लांबी ठेवणारी जुनी पद्धतही घेऊ नये. तिची मर्यादा २५५ बाइटांची, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे. काही किलोबाइट मेमरीच्या चिपवर मात्र प्रत्येक स्ट्रिंगची प्रत परवडणार नाही. तेथे तात्पुरता बफर ठेवावाच लागेल, पण मग त्याचे आयुष्य शब्दाच्या वर्णनात लिहावे.

अवतरणचिन्हाचे थोडक्यात सांगतो: एस" पुढच्या अवतरणचिन्हापाशी थांबतोच, म्हणून फोर्थ २०१२ने एस\" हा वेगळा शब्द दिला, ज्यात चिन्हाआधी तिरपी रेघ देता येते. आपणही दोन वेगळे शब्द ठेवावेत.