श्रीखंडाच्या चवीचे ओट्स

प्रश्न : रात्री दूध-दह्यात भिजवलेले ओट्स सकाळी लगदा होतात, वर आंबटही लागतात. श्रीखंडासारखी चव कशी आणावी?

उत्तर : लगद्याचं कारण बहुधा पाकिटात आहे. इन्स्टंट ओट्स आधीच शिजवून बारीक केलेले असतात, रात्रभरात विरघळल्यागत होतात. जाड, चपटे रोल्ड ओट्स घ्या. स्टील-कट (दाण्याचे नुसते तुकडे केलेले) नकोत, ते सकाळीही चिवट राहतात.

एका माणसाला अर्धा कप (साधारण 40 ग्रॅम) ओट्स, अर्धा कप दूध, 3 मोठे चमचे ताजा चक्का, 2 चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ. मीठ वगळू नका, त्याशिवाय गोडी सपाट लागते. केशराच्या 6-7 काड्या चमचाभर कोमट दुधात दहा मिनिटं भिजवून मगच घाला. थंड दुधात रंग नीट उतरत नाही. वेलची, किंचित जायफळ. चक्का आणि साखर आधी फेटा, नाहीतर गुठळ्या राहतात. बरणी पाऊण भरा आणि 6 ते 8 तास फ्रिजमध्ये ठेवा.

आंबटपणा जुन्या दह्याचा. ते फ्रिजमध्येही हळूहळू आंबत राहतं, म्हणून दोन दिवसांपुरतंच करा. चक्क्याऐवजी साधं दही वापरलंत तर दूध निम्मं करा.

चारोळी, पिस्ते सकाळीच. आंबाही तेव्हाच, रात्री घातला तर पाणी सुटतं. न शिजवलेला अननस किंवा किवी मात्र रात्री अजिबात नको, दूध-दही कडवट होतं.