‘प्रभाव’ हा शब्द आधी खोड

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. ‘मुघल चित्रं इराणी किती आणि आपली किती, हेच मला ठरवता येत नाही, प्रबंध सोडून द्यावासा वाटतो,’ असं लिहिलंयस. प्रबंध सोडू नकोस. त्यातला ‘प्रभाव’ हा शब्द सोड. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात मी मोजला, चौदा वेळा आलाय.

प्रभाव पडला म्हणजे नेमकं काय झालं गं? माणसं आली. राज्य गमावलेला हुमायून १५४४ मध्ये इराणच्या शाह तहमास्पकडे आसऱ्याला गेला. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे तिथले चित्रकार पुढे त्याच्याकडे काबूलला आले, मग दिल्लीला. अकबराचा हमजानामा, म्हणजे अमीर हमजाच्या कथांचा सचित्र ग्रंथ, त्यांच्याच देखरेखीखाली झाला, कापडावरची सुमारे १४०० चित्रं! दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा, भिंतींवर चित्रं काढायचा. अकबराने त्याला अब्दुस्समदच्या हाती सोपवलं. आता दसवंतच्या कुंचल्यातलं इराण तू कशाने मोजणार? नाव लिही. कोण कुठून आला, कुणापाशी शिकला, ते लिही.

जहांगीरचा चित्रकार अबुल हसन, त्याचं चित्र तर तू पाहिलंयस. पृथ्वीच्या गोलावर सिंह, त्यावर भरदार जहांगीर. कोकरावर उभा इराणचा किरकोळ शाह अब्बास, मिठीत वाकलेला. अबुल हसनने शाहला कधी पाहिलंही नव्हतं, पाहून आलेल्यांना विचारून चेहरा काढला. शाहला समोर बसून रेखाटणारा बिशनदास. १६१३ मध्ये खान आलमच्या वकिलातीबरोबर जहांगीरने त्याला इराणला धाडलं, १६२० मध्ये तो परतला आणि बादशहाने खूश होऊन त्याला हत्ती दिला. दोनच वर्षांत शाहने जहांगीरकडून कंदाहार घेतलं. चित्रातली मिठी चित्रातच राहिली. आणि अबुल हसनचा बाप आका रिझा हेरातहून आलेला, मुलगा मात्र मुघलांच्या पदरी जन्मलेला. त्याला तू कुठल्या रकान्यात टाकलंस? ‘इराणी प्रभाव’! वाचून मला राग आला, खरंच सांगतो.

राग तुझ्यावर नाही. मीही हेच लिहीत होतो, तेही छापील चित्रांवरून. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र फारसी पोथी पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. मी पुण्यात राहून वर्षानुवर्षं ती पाहिली नाही. शेवटी पाहिली तेव्हा फारसी मजकुराशेजारी चोळी-साडीतल्या बायका होत्या, आणि राणी खानजादा हुमायूनची आकृती कुणीतरी खोडून टाकलेली. त्या खोडलेल्या जागेपुढे माझी सगळी टिपणं फोल वाटली. उमेदीची वर्षं गेली ती गेलीच.

लोक मला हेकट म्हणतात. एका संपादकांना माझ्या लेखाच्या शीर्षकात ‘प्रभाव’ हवा होता, मी लेख परत मागून घेतला. तो आजवर कुठेही छापून आला नाही. वाईट वाटतं. तरी पुन्हा वेळ आली तर परतच घेईन, कारण तो शब्द घातला की दसवंत दिसेनासा होतो, आका रिझाही.

तिसरं प्रकरण नव्याने लिही. पहिल्या वाक्यात आका रिझा हेरातहून निघू दे. कच्चं असलं तरी पाठव, आणि येताना भिंग आण.

तुझा,
सर