बी अंधारात कशाच्या बळावर उगवतं?

तुम्ही विचारलंय, मातीत गाडलेल्या बीला उजेड नसताना ताकद कुठून मिळते आणि त्यातून आयुष्यासाठी काय घ्यावं. पहिल्याचं उत्तर स्वयंपाकघरातच आहे. दुसऱ्याचं मात्र माझ्यापुरतं.

रात्रभर भिजलेला मूग घ्या, साल काढा, दोन फाका अलग करा. एका फाकेच्या टोकाला इवलासा पांढरा अंकुर चिकटलेला दिसेल. रोप म्हणजे तेवढंच. बाकी सगळी शिदोरी, म्हणजे आपण वरणाला लावतो ती डाळ! पाणी मिळालं की आतली विकरं, म्हणजे एन्झाइम, जागी होतात, स्टार्चची साखर करतात, प्रथिनं फोडतात आणि अंकुराला पुरवतात. त्यासाठी हवाही लागते, म्हणून पाण्यात बुडवून ठेवलेले मूग मोड न येता आंबतात. मोड आलेले मूग जड लागतात ते पाण्यामुळे. वाळवून तोललेत तर मूळ वजनापेक्षा कमीच भरतील, कारण हिरवं पान उजेडात येईपर्यंत नुसता खर्च असतो, आवक शून्य.

आणि हा खर्च आधी होतो मुळावर. पान नंतर.

आमच्या काकांची सांवेरकडे सोयाबीनची शेती आहे. ते बी 3-4 सेंटीमीटरच्या खाली जाऊ देत नाहीत. खोल गेलं तर वर येण्याआधीच शिदोरी संपते. पेरणीनंतर जोराचा पाऊस पडून वर ऊन तापलं की काळ्या मातीवर पापडी धरते आणि वर येणाऱ्या कोंबाची मान मोडते. मग दुबार पेरणी.

माझंही तसंच झालं. नोकरी सोडून इथे इंदूरला, भंवरकुआँच्या क्लासच्या मुलांसाठी डबे सुरू केले. गाठीला सहा महिन्यांचे पैसे होते. त्यातून आधी काय केलं? गाळा, रंगरंगोटी आणि हा मोठा फ्लेक्सचा बोर्ड. गिऱ्हाईक जेमतेम अकरा. चौथ्या महिन्यात गाळा सोडला.

दुसऱ्या वेळी घरच्याच ओट्यावर पाच डब्यांनी सुरुवात केली. पोळ्या आई लाटायची, पोचवायला मी. महिन्याचा हिशोब जमेत येईपर्यंत नवं भांडंसुद्धा घेतलं नाही. आता चाळीस डबे जातात. गाळा अजून घेतलेला नाही, आणि त्या फ्लेक्सवर आई उन्हाळ्यात कुरडया वाळत घालते.