एकोणिसाव्या शतकातील लष्करी अधिकाऱ्यांची जुनी छायाचित्रे जमवायची आहेत; अस्सल प्रत आणि चित्रातील अधिकारी कसा ओळखावा?

मी प्रामुख्याने राणी व्हिक्टोरियाच्या काळातील ब्रिटिश आणि जुन्या बॉम्बे आर्मीतील (मुंबई इलाख्याच्या सैन्यातील) अधिकाऱ्यांची छायाचित्रे जमवतो. हे उत्तर त्या मर्यादेतच वाचावे. माझे मत असे की, चित्रामागे पेन्सिलीने लिहिलेल्या नावासाठी जादा पैसे मोजू नयेत, कारण नाव कोणीही, केव्हाही लिहू शकतो. किंमत द्यावी ती स्पष्ट दिसणाऱ्या गणवेशाला.

बाजारात सर्वाधिक आढळतात ती कार्ट-द-व्हिजिट, म्हणजे साधारण ६४ बाय १०० मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रे, ज्यांचे पेटंट पॅरिसचा छायाचित्रकार दिस्देरी याने १८५४ मध्ये घेतले. त्यांचा कागद पातळ असतो आणि त्यावर अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप असतो. भिंगाखाली कागदाचे तंतू आणि लेपाच्या सूक्ष्म भेगा दिसाव्यात. छपाईचे ठिपके दिसले तर ती छापील नक्कल, व्यवहार तिथेच थांबवावा. पुठ्ठ्याचे कोपरे चौकोनी असतील तर चित्र बहुधा १८७०च्या आधीचे असते.

यानंतर गणवेश वाचायचा, आणि त्याआधी रंगांचा घोळ समजून घ्यायचा. त्या काळची कोलोडियनची काच, म्हणजे चित्र टिपण्यासाठी रसायनाचा लेप दिलेली काच, निळ्या प्रकाशाला संवेदनशील होती, लाल-पिवळ्याला जवळजवळ नव्हती. त्यामुळे लाल ट्यूनिक (गणवेशाचा कोट) काळपट उमटतो आणि फिकट निळी फीत पांढरी दिसते. क्रिमियाच्या युद्धाच्या पदकाची फीत निळी असून तिच्या कडा पिवळ्या असतात. १८५७च्या उठावाच्या पदकाची फीत पांढरी असून तिच्यावर दोन लाल पट्टे असतात. चित्रात दोन्ही पांढऱ्यावर काळ्या रेघांसारख्या दिसतात, म्हणून रेघा कडेला आहेत की आत, हे पाहावे लागते. क्रिमियाच्या पदकाच्या फितीवर बसवलेल्या, लढाईचे नाव असलेल्या धातूच्या पट्ट्या ओकच्या पानाच्या आकाराच्या असतात, ही आणखी एक खूण. उठावाच्या पदकावर ‘सेंट्रल इंडिया’ ही पट्टी वाचता आली, तर तो अधिकारी झाशी-काल्पी-ग्वाल्हेरच्या मोहिमेच्या परिसरात होता असे समजावे; आपल्याकडच्या संग्राहकाला अशा चित्राचे मोल वेगळे सांगायला नको.

पायदळात १८५५ ते १८८० या काळात हुद्द्याची चिन्हे कॉलरवर असत, त्यानंतर ती खांद्यावर गेली आणि त्यांचा अर्थही बदलला. मुकुट आणि तारा ही जोडी खांद्यावर दिसली तर तो लेफ्टनंट कर्नल. कॉलरवर दिसली तर कॅप्टन किंवा कर्नल, आणि तो निर्णय कॉलरवरची जरीची किनार फक्त वरच्या कडेला आहे की सभोवार, यावर करायचा. आरशातल्यासारखी उलटी पदके टिनटाइप (पत्र्यावरचे चित्र) किंवा अँब्रोटाइपमध्ये (काचेवरचे चित्र) दिसली तर गोंधळू नये, कारण त्या प्रकारांत चित्र मुळातच उलटे उमटते. कागदावरच्या प्रतीत मात्र तसे दिसले तर संशय घ्यावा.

एवढे वाचून झाले की हार्टच्या आर्मी लिस्टकडे, म्हणजे ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या छापील यादीकडे वळावे. तिच्यात अधिकाऱ्यांच्या लढायांच्या नोंदी असतात आणि तिचे अनेक खंड स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवले आहेत. पलटण, हुद्दा आणि पदके जुळवली की नावे दोन-चारांवर येतात. लंडनच्या कामिय सिल्वीच्या स्टुडिओचे चित्र असेल तर काम आणखी सोपे होते, कारण त्याच्या नोंदवह्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत.

स्टुडिओचा ठसाही तपासावा. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचा मुंबईतील स्टुडिओ १८९६चा, आणि बॉम्बे आर्मी हे स्वतंत्र सैन्य १८९५ मध्येच संपले. तेव्हा हा ठसा असलेले चित्र ‘मैवंदच्या लढाईच्या सुमारास काढलेले’ म्हणून कोणी विकत असेल तर हसून पुढे जावे, कारण अफगाणिस्तानातली ती लढाई १८८०ची.

चित्रे पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नयेत, पॉलिस्टरच्या ठेवावीत. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल घालावे आणि पुठ्ठ्यावरून चित्र कधीही सोडवू नये. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू भारताबाहेर पाठवण्यावर १९७२च्या कायद्याने बंधन आहे, म्हणून परदेशी संग्राहकाशी अदलाबदल करण्याआधी जाणकार वकिलाला विचारावे.