राजीनाम्याआधी एक पावसाळा

तुम्ही लिहिलंय: वय ३६, मुलुंडला घर, बँकेत अकरा वर्षं, घराचा हप्ता २८,०००, मुलगी सात वर्षांची. तैलरंगातली चौदा चित्रं तयार आहेत. नवरा हो म्हणतोय, सासूबाई गप्प आहेत. पूर्णवेळ चित्रं काढण्यासाठी दिवाळीत राजीनामा देऊ का?

द्या, पण या दिवाळीत नको.

आधी जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनासाठी अर्ज करा. निवड चित्रं बघून होते आणि तारीख हाती यायला काही वर्षं जातात. ती वर्षं पगारावर काढा. चौदा चित्रं एकाच हातची वाटतात का, तेही बघा. थोडा निसर्ग, थोडे चेहरे, दोन गणपती अशी सरमिसळ असेल तर एकच विषय धरून नवी वीस करा.

आता हिशेब. चित्र २०,०००ला गेलं आणि एखाद्या गॅलरीनं तिसरा हिस्सा कापला, तर हाती १३,३०० येतात. कॅनव्हास, रंग, फ्रेमचे ३,००० वजा केले की उरले १०,३००. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी दरमहा तीन चित्रं विकली जायला हवीत. सुरुवातीला असं क्वचितच घडतं. म्हणून अठरा महिन्यांचे हप्ते, ५,०४,०००, वेगळ्या खात्यात साठवा. ग्रॅच्युइटी त्यात धरू नका, ती आजारपणासाठी राहू द्या.

ऑफिसचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तेव्हा स्वतःची पॉलिसी आजच काढा.

आणि एक अख्खा पावसाळा घरात रंगवून बघा, रोज, ऑफिसहून आल्यावर दीड तास. दमट हवेत तैलरंग रेंगाळत सुकतो. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त तेलकट हवा, नाहीतर पुढे तडे जातात. कॅनव्हास बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलात तर मागून बुरशी धरते. चार बोटं जागा सोडा. जवसाच्या तेलानं माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवा. घरात लहान मूल आहे, टर्पेंटाइनची बाटली वरच्या फळीवर आणि रंगवताना खिडकी उघडी.

सासूबाईंचं गप्प राहणं चित्रांवरून नसावं, हप्त्यावरून असावं, असं तुमच्या पत्रातून जाणवलं. त्या वेगळ्या खात्याचं पासबुक दर महिन्याला त्यांच्या हातात द्या.